टाचेचा शब्द

पाऊस उघडला किंवा कालव्याचं पाणी देऊन झालं, तरी रानात लगेच ट्रॅक्टर घालता येत नाही. काळी माती ओली असते, नांगराला चिकटते, चाक धरून ठेवते. फार थांबलं तर तीच माती दगड होते आणि नुसती ढेकळं निघतात. या दोन्हींच्या मधे एक-दोन दिवस असे येतात की माती ओलसर असते पण चिकटत नाही, दाबली की भुसभुशीत सुटते. त्याला वाफसा म्हणतात. वाफसा आला की नाही, हे बहुतेक लोक मूठभर माती दाबून पाहतात. अंथुर्ण्याच्या आमच्या शिवारात मात्र ही चौकशी माझ्या वडिलांच्या टाचेकडे होत असे.

वडिलांना सगळे आबा म्हणतात, आम्हीही. त्यांना बोलावणं आलं की सगळं ठरल्याप्रमाणे चाले. बांधावर पायताण काढायचं; रानात पायताण घालून शिरायचं नाही हा रिवाज आबा देवळापेक्षा कडक पाळत. थोडं आत जायचं, उजवी टाच मातीत दाबायची, डोळे मिटायचे आणि घसा खाकरायचा. घशाचा आणि मातीचा काही संबंध नव्हता, पण त्याशिवाय निकाल लागत नसे. मग "घाला ट्रॅक्टर" किंवा "आजून दोन दिस दम धरा". मुठीनं माती पाहणाऱ्यांबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "मूठ वरल्या मातीचं सांगती," ते म्हणत. "खालचं टाच सांगती."

आई बरोबर असे. तिच्या हातात विळा असे, कारण तिला म्हशीसाठी बांधावरचं गवत हवं असे. ती आबांच्या आधी अनवाणी रानात शिरे, इकडून तिकडे एक चक्कर मारे आणि मग बांधाला येऊन गवत कापायला बसे. गवत बांधावर असताना ही बाई रानात कशाला जाते, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि प्रश्न विचारणं हा माझा पोटाचा धंदा आहे. मी बारामतीत एका वर्तमानपत्राचं काम करतो.

आबांना साखर होती. मधुमेह हा शब्द आमच्या भागात फक्त दवाखान्याच्या भिंतीवर राहतो. आबा गोळ्या घेत, सकाळचा चहा घरी बिनसाखरेचा पीत आणि दुपारचा दुसऱ्याच्या घरी साखरेचा, कारण दुसऱ्याच्या दारात नको म्हणणं बरं दिसत नाही. "कारखान्याला जलमभर ऊस घातला, अंगात साखर न्हाय निघायची तर काय मीठ निघंल?" असं ते डॉक्टरलाही ऐकवत. पायांविषयी त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी होऊन काही सांगितलं नाही. उलट गेल्या काही वर्षांत त्यांच्या पायांची कीर्ती वाढली होती. बाभळीचा काटा मोडला तरी आबा हूं की चूं करत नाहीत, हे गावानं पाहिलं होतं. फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात ते पाय आडवा घालून तळव्यातला काटा चिमट्यानं काढत आणि बोलणं मधेच थांबवतसुद्धा नसत. "पोलाद हाय," ते म्हणत. ऐकणारे मान डोलवत.

ट्रॅक्टरची घटना परतीच्या पावसानंतरची. मी तिथं नव्हतो. जे लिहितो ते दोन्ही बाजूंना विचारून लिहितो.

आमच्या शेजारी ज्यांची जमीन आहे त्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या आणि आबा यांची मैत्री इतकी जुनी आहे की ती भांडणासारखी दिसते. तात्यांना उसाच्या लागणीसाठी सऱ्या पाडायच्या होत्या. त्यांनी रीतीप्रमाणे आबांना बोलावलं. आबा एकटेच गेले. आई तेव्हा पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे बारामतीला राहायला आली होती, नातीला गणपतीपासून दिलेला शब्द पाळायला. आबांनी पायताण काढलं, टाच दाबली, डोळे मिटले, घसा खाकरला आणि म्हणाले, "घाला ट्रॅक्टर."

ट्रॅक्टर रानाच्या मध्यापर्यंत गेला आणि मागची दोन्ही चाकं आसापर्यंत खाली गेली. त्याला ओढायला दुसरा ट्रॅक्टर आणला, तो काठालाच बसला. शेवटी लांबून, पक्क्या रस्त्यावरून दोर लावून दोघांनाही बाहेर काढलं. तोपर्यंत शाळा सुटली होती, त्यामुळे प्रेक्षकांची वानवा नव्हती.

"आबा," तात्या म्हणाले, "ह्यो वाफसा हाय का भात लावायचा हाय?"

"ट्रॅक्टरचं टायर गुळगुळीत हाय तुज्या," आबा म्हणाले.

"टायर नवं हाय."

"मग डायवर नवा आसंल."

ड्रायव्हर वीस वर्षांचा जुना होता. आबा पायताण घालून घरी गेले. त्यानंतर चहाच्या हॉटेलात त्यांना रोज एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. वेगवेगळी माणसं विचारत, पण शब्द तात्यांचे असत: "आबा, आज वाफसा हाय का?" कपात चमचा बुडवून विचारत. बाकावर बोट दाबून विचारत. एकानं भज्याच्या पिठात बोट घालून विचारलं.

आबांनी हे आठवडाभर सहन केलं. मग एका दुपारी हॉटेलवाल्यानं गळका पत्रा बदलायला छपरावरून उतरवला आणि समोरच्या उन्हात टाकला. ऑक्टोबरचं ऊन. पत्र्यावरून वाफ निघाल्यासारखी हवा हलत होती. तात्यांनी पुन्हा वाफशाची चौकशी केली आणि आबांनी कप खाली ठेवला.

"ह्या पत्र्यावर अनवाणी हुबं ऱ्हायाचं," ते म्हणाले. "दोघांनी. आदी उतरंल त्यानं दुसऱ्याच्या टाचंला जलमात नाव ठिवायचं न्हाय."

तात्यांना नाही म्हणणं शक्य नव्हतं. हॉटेल भरलेलं होतं. दोघांनी पायताणं काढली आणि पत्र्यावर चढले. तात्या चढले त्याच वेगानं उतरले, असं हॉटेलवाला सांगतो. स्वतः तात्यांचं म्हणणं आहे की ते बराच वेळ उभे होते. एवढं मात्र नक्की की ते एका पायावर नाचत पाण्याच्या पिंपाकडे गेले आणि दोन्ही पाय पिंपात घातले, ज्याबद्दल हॉटेलवाल्याशी वेगळं भांडण झालं. आबा पत्र्यावरच होते. त्यांनी तिथूनच चहा मागवला. उभ्या उभ्या बशीत ओतला, फुंकर मारून प्याला, बशी परत दिली आणि मग सावकाश खाली उतरले.

टाळ्या वाजल्या. कुणीतरी फोनवर चित्रण केलं. ते त्याच संध्याकाळी मला बारामतीत मिळालं. त्यात आबा लग्नातल्या पाटावर उभे असावेत तसे उभे आहेत. आईनं ते पाहिलं. सगळे हसत होते, ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गावी गेली.

आबांनी तिला पाय दाखवले नाहीत. मोजे घालून बसले होते. आबांनी मोजे घातलेले तिनं लग्नापासून पाहिले नव्हते. "थंडी वाजती," ते म्हणाले. ऑक्टोबर होता. आईनं जास्त विचारलं नाही, लक्ष ठेवलं. आतली हकीकत अशी होती की उजव्या अंगठ्याखाली मोठा फोड आला होता. आबांनी तो बाभळीच्या काट्यानं फोडला, त्यावर हळद आणि गोडं तेल भरलं आणि विषय संपवला. दुखत नव्हतं. न दुखणाऱ्या गोष्टीचा बोभाटा करायची त्यांना सवय नव्हती.

बातमी आधी मुंग्यांना लागली. चार-पाच दिवसांनी सकाळी आई झाडायला वाकली, तर भिंतीच्या कोपऱ्यातून निघालेली मुंग्यांची रांग फरशीवरून सरळ आबांच्या खाटेकडे जात होती, खाटेच्या पायावरून वर चढत होती आणि मोज्यात शिरत होती. आबा गाढ झोपले होते. आईनं मोजा ओढला. मोजा अंगठ्याला चिकटलेला होता.

तिनं मला फोन केला. नेहमी ती आधी सगळ्यांची खुशाली विचारते. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "गाडी घिऊन ये. आन् तुज्या बापाला कशाला आलाय त्ये सांगू नगंस."

मी आबांना सांगितलं की बारामतीत कारखान्याच्या जुन्या सभासदांचा सत्कार आहे. ते फेटा बांधून गाडीत बसले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वडगाव निंबाळकरच्या एका उसवाल्याची मुलगी होत्या. सत्काराचा फेटा पाहून त्यांनी काही विचारलं नाही. आबांना पलंगावर बसवलं, जखम धुतली, साखर तपासली, घोट्याजवळ आणि पावलावर बोटं ठेवून नाडी पाहिली. मग खिशातून नायलॉनचा एक जाड दोरा काढला.

"ह्यानं उजनीत मासं धरत्यात," आबा म्हणाले.

"डोळे मिटा आबा. पायाला दोरा लागला की 'हो' म्हणायचं."

आबांनी डोळे मिटले. दोरा अंगठ्याला लागला. "व्हय." बोटांच्या खाली लागला. "व्हय." टाचेला. "व्हय." एकही चुकलं नाही. बाईंनी आबांच्या पापण्यांकडे नीट पाहिलं आणि एक टॉवेल घेऊन फेट्यावरून त्यांच्या डोळ्यांवर बांधला.

"पुन्हा एकदा."

मग आबा म्हणाले, "व्हय." दोरा तेव्हा हवेत होता. बाईंनी तो टेबलावर ठेवला, खुर्चीत मागे टेकून बसल्या आणि हाताची घडी घातली.

"व्हय," आबा म्हणाले. श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ थांबून पुन्हा, "व्हय."

आईनं तोंडाला पदर लावला.

"आता कुठं लागलं आबा?"

"करंगळीला."

"मी खुर्चीत बसलेय."

आबांनी टॉवेल वर सरकवला, खुर्चीकडे पाहिलं, टेबलावरच्या दोऱ्याकडे पाहिलं. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय!" ते म्हणाले. परीक्षकानंच कॉपी केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

दुसरी तपासणी दोन शिंगांच्या धातूच्या काट्याची होती. तो हातावर आपटून त्यांनी आधी आबांच्या कोपराला लावला. "आरं तिच्या, भवऱ्यागत थरथरतंय," आबा म्हणाले. मग अंगठ्याच्या हाडाला लावला. या वेळी त्यांनी 'व्हय' म्हटलं नाही.

बाईंनी त्यांच्या तळव्याचा फोनवर फोटो काढला आणि तो मोठा करून त्यांच्यासमोर धरला. आबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"ह्यो कुणाचा पाय?"

"तुमचा."

आबांनी स्वतःचा तळवा अशा रीतीनं पहिल्यांदाच पाहिला असावा. आजवर दिसला तो काटा लागलेला तेवढा तुकडा. त्यांनी फोन आईकडे दिला, जणू दुसरं मत हवं होतं.

"दुखत नाही म्हणून पाय चांगला, असं नसतं," बाई म्हणाल्या. "वस्तीवरचं कुत्रं भुंकायचं थांबलं म्हणजे चोर यायचे थांबले का? साखरेनं पायाच्या नसा गेल्यात. पत्रा भाजला, काटा गेला, मुंगी चावली, वर कळवणारं कुणी नाही. रक्त अजून पायात नीट येतंय, हे तुमचं नशीब. जखम हाडापर्यंत गेली असती तर अंगठा काढावा लागला असता. आज गेलेली नाही. अनवाणी फिरलात तर जाईल."

आबांनी विचार केला. "अंगठा ग्येला तर टाच ऱ्हाईल न्हवं?"

"अंगठ्यावर थांबेलच असं नाही."

यावर आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

जखम भरेपर्यंत ते आमच्याकडे बारामतीला राहिले. त्या पायावर भार टाकायचा नव्हता, पट्टी बदलायला दवाखान्यात जायचं होतं, साखर ताब्यात आणायची होती. बाईंनी सांगितलेले नियम आईनं तोंडपाठ केले आणि कायदा म्हणून लागू केले. पाय रोज कोमट पाण्यानं धुवायचे, पण पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत. पाणी किती गरम आहे हे पायानं पाहायचं नाही, आईच्या कोपरानं पाहायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तेल तळव्याला लावायचं, बेचक्यात नाही. नखं सरळ कापायची. घट्टा आला तर घरात ब्लेड लावायचं नाही. शेकायचं नाही. बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवून पाहायचा. मोजे पांढरे, म्हणजे डाग लगेच दिसतो. आणि अनवाणी कुठंच नाही, न्हाणीपर्यंतसुद्धा नाही.

"देवळात?" आबांनी दवाखान्यात विचारलं होतं.

"मोजे घालून. फरशी तापली असेल तर बाहेरून नमस्कार करा. देव ओळखतो तुम्हाला."

"देव वळखतो वो. पुजारी न्हाय वळखत."

घरातल्या घरात चप्पल घालणं हा त्यांच्या दृष्टीनं भ्रष्टाचार होता. दोन दिवस त्यांच्या खोलीतून चपलेचा फटफट आवाज व्यवस्थित येत होता आणि सगळे समाधानी होते. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीनं दार ढकललं, तर आबा पलंगाच्या कडेला बसून दोन हातांत दोन चपला घेऊन फरशीवर चालवत होते. तेव्हापासून आवाज हा पुरावा धरणं बंद झालं.

संध्याकाळची तपासणी मात्र त्यांनी मुकाट्यानं पत्करली. त्यांना वाकून सगळा तळवा दिसत नसे, म्हणून आई दाढीचा आरसा जमिनीवर ठेवी आणि आबा त्यावर पाय धरत. आई टॉर्च मारी. दोघं खाली मान घालून आरशात बघत, विहिरीत पडलेली बादली शोधावी तसे.

"टाचंला भेग हाय."

"ती जुनीच हाय."

"काल न्हवती."

"काल तू चष्मा लावला न्हवता."

त्याच तपासणीत मला एकदा एक गोष्ट खटकली. आबा आरशात आपला पाय बघता बघता मधेच आईच्या पायांकडे बघत. आईची साखर बाईंनी त्याच आठवड्यात तपासली होती. तिला काही नव्हतं. तरी आबा तिच्या टाचांच्या भेगांबद्दल बारीक चौकशी करत. त्या दुखतात का, चालताना खालचं नीट कळतं का. मला वाटलं, आजारानं माणूस हळवा होतो. निष्कर्ष घाईचा होता.

जखम भरायला दिवाळी उलटून पुढं बरेच दिवस गेले. बाईंनी परवानगी दिली ती अटीवर: नवी कातडी पातळ आहे, बुटाशिवाय पाऊल नाही, आणि रोजची पाहणी आता जन्माची. रुंद तोंडाचे, मऊ तळाचे, पट्टा ओढून चिकटवायचे काळे बूट घेतले. आबा गावी उतरले ते बूट आणि पांढरे मोजे घालून. फाट्यावर तात्या होते.

"आबा, शाळंत नाव घातलं व्हय?"

"पयल्या बाकावर बसतुया," आबा म्हणाले आणि पुढं गेले.

पैज जिंकली होती. तात्यांनी टाचेला नाव ठेवायचं नाही हे ठरलं होतं आणि तात्या शब्दाला जागले. त्यांनी त्याहून वाईट केलं. दोनच दिवसांनी ते घरी आले आणि नम्रपणे म्हणाले, "आबा, त्या ट्रॅक्टरच्या पायात लागणच ऱ्हायली. आता पाण्याची पाळी दिऊन ठिवलीय. वाफसा बगायला चला. तुमच्या टाचंबिगर आपण आवजार घालत न्हाय." बरोबर चार माणसं होती. वरकुट्याचे पाहुणेही होते. साक्षीदार पुरेसे आणले होते.

मी त्या दिवशी गावी होतो. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. उठले आणि चालू लागले. आईनं विळा घेतला.

तात्यांच्या बांधावर सगळे थांबले. समोर ओल्या रंगाचं काळं रान, वर कडक ऊन. आबांच्या पायात बूट. बूट घालून आत जाणं म्हणजे रिवाज मोडणं आणि टाचेला काही न कळणं. बूट काढणं म्हणजे नवी कातडी, कापलेल्या उसाची सडकी खोडं, आणि माती झालेला दीड-दोन महिन्यांचा इलाज. तात्यांनी चेहरा गंभीर ठेवला होता, पण मिशी हलत होती.

आबा वाकले. बुटाचा पट्टा सुटल्याचा खर्रर आवाज आला.

"हात काडा," आई म्हणाली.

चारचौघांत तिनं त्यांना असं पहिल्यांदाच सांगितलं असावं. आबांचा हात बुटावर तसाच राहिला.

"आगं, यवड्यात काय हुतंय. चार पावलं—"

"चार पावलांनीच अंगठा जायचा हुता."

"लोकं बगत्यात."

"बगू द्या. त्यांस्नी वाफसा पायजे का तुमचा पाय?"

आबा वाकलेलेच होते. कमरेमुळे का कशामुळे, सांगता येत नाही. आई थांबली नाही. तिनं विळा बांधावर ठेवला, चपला काढल्या, लुगड्याचा घोळ एका हातानं वर धरला आणि रानात शिरली. या वेळी गवताचं निमित्त नव्हतं. मधोमध जाऊन उभी राहिली, उजवी टाच दाबली, मग डावी. डोळे मिटले नाहीत, घसाही खाकरला नाही.

"न्हाय आजून," ती तिथूनच म्हणाली. "वर सुकलंय, खाली गार हाय. परवा घाला."

तात्या हसले. "वैनी, तुमी भाकरीचं सांगा. ह्यातलं तुमाला काय कळतंय?"

आबा सरळ झाले. त्यांनी आधी बुटाचा पट्टा नीट चिकटवला.

"तात्या," ते म्हणाले, "दोन वरसं झाली, तिचंच कळतंय."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? मला कायबी कळत न्हाय. गादीवर चालल्यागत वाटतंय. आदी ती हिंडून यायची. पायाला माती किती चिकटली ते मी बगायचो, आन् ती इळा डाव्या हातात घ्यायची का उजव्या, त्येच्यावर सांगायचो. उजवा म्हंजी घाला."

माणसं आईच्या हातांकडे बघू लागली. हात रिकामे होते. वरकुट्याच्या पाहुण्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. तात्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही, मग ते मनातल्या मनात मागं मागं गेल्याचं स्पष्ट दिसलं.

"आन् माजा ट्रॅक्टर रुतला तवा?"

"तवा ती बारामतीला हुती."

"आरं माज्या कर्मा!" तात्या ओरडले. "आन् तुमी डोळं मिटून काय बगत हुता?"

"वाट," आबा म्हणाले. "तिच्या एसटीची."

पहिल्यांदा आई हसली, रानाच्या मधोमध उभी राहून. मग बाकीचे. तात्यांनी बराच वेळ धरून ठेवलं आणि मग त्यांनाही जमलं नाही. तरी जाता जाता त्यांनी आपला हिशेब पुरा केला: "बायकूला लेकाकडं धाडायच्या आदी शिवारात दवंडी द्यायची आबा. लोकांचं ट्रॅक्टर हाय."

परवा तात्यांनी ट्रॅक्टर घातला. रुतला नाही.

तेव्हापासून बोलावणं आईला येतं. आबा बरोबर जातात, बूट आणि पांढरे मोजे घालून बांधावर उभे राहतात आणि आईनं निकाल दिला की घसा खाकरतात. तेवढं काम त्यांच्याकडे ठेवलं आहे. अंगठा आहे. मधे एकदा मोज्यावर लाल ठिपका दिसला, त्याच दिवशी ते स्वतः एसटीत बसून बारामतीला गेले. बुटात शिरलेला खडा निघाला. बाईंनी मला फोन करून सांगितलं की पेशंट न ओढता आला.

मागच्या महिन्यात मी गावी गेलो तेव्हा संध्याकाळ होती. ओसरीवर आरसा होता, टॉर्च होता. आबांची पाहणी झालेली होती, मोजे चढलेले होते. आता आई खुर्चीत बसली होती आणि आबा खाली बसून, चष्मा नाकावर घेऊन, तिचा पाय मांडीवर धरून टाचेच्या भेगांत मलम भरत होते. आमच्याकडे नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही. निदान दार उघडं असताना नाही. दार उघडं होतं आणि नेमके तात्या आत आले. त्यांना सकाळी आईला रानात न्यायचं होतं.

ते उंबऱ्यातच थांबले. एकदा पायाकडे, एकदा आबांकडे, एकदा माझ्याकडे.

"आबा," ते म्हणाले, "ह्ये काय बगायला लागतंय?"

आबांनी मान वर केली नाही. टॉर्च तोंडात धरला होता तो काढला.

"रानात जायच्या आदी आवजार तपासावं लागतं तात्या."

"मग नीट तपासा," आई म्हणाली. "डाव्या टाचंची एक भेग ऱ्हायलीय."